वाकड्या मानेचा स्कोप

ग्रँटाउन,
३ मार्च २०२४

मर्डो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच परत पाठवशील, अशी निम्मी तयारी ठेवून लिहितेय. तेहतीस वर्षं टपालाची लाल गाडी चालवली. न फोडता परत आलेली पत्रं मी लोकांच्या हातात ठेवलेली आहेत, त्यांचे चेहरे पाहिलेले आहेत. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

मला फक्त एका बाबतीत तुझा सल्ला हवा आहे, बाकी काही नको. पक्षी बघायला नवा स्कोप घ्यायचाय, एका डोळ्याने बघायची लांब दुर्बीण. छोटा, पाठीवरच्या पिशवीत मावेल असा. पुढची काच पन्नास मिलिमीटरची घ्यावी की पासष्टची? या विषयातलं तुझ्याइतकं कळणारं माणूस मला दुसरं माहीत नाही, आणि जे आहेत त्यांना विचारायची मला लाज वाटते.

आपला जुना कपाटावर पडलाय. ऐंशीची काच, वजन नुकत्याच जन्मलेल्या कोकराएवढं. एकतीस वर्षं दर जूनमध्ये आपण ते ओझं वाटून वर नेलं. स्कोप माझ्या पाठीवर, ट्रायपॉड तुझ्या. लोक हसायचे, ही भावंडं एक डोळा आणि तीन पाय घेऊन डोंगर चढतात म्हणून. जाताना तू तुझा अर्धा भाग घेऊन गेलास, तो तुझाच होता. माझा अर्धा धूळ खातोय. ट्रायपॉडशिवाय तो कशाचा स्कोप, नुसतं लोढणं. ही आठ वर्षं मी गळ्यातल्या दुर्बिणीवर भागवते.

यंदा देशभर डॉटरेल पक्ष्यांची मोजणी आहे. आपल्या पक्षी-क्लबची मॉइरा परवा फोनवर म्हणाली, "इशबेल, नुसत्या दुर्बिणीवर नाही चालणार हं या वेळी. घरटी नोंदवायचीत. स्कोप नसेल तर तसं सांग, तुझा डोंगर एखाद्या तरुण माणसाला देते." तरुण माणूस म्हणे! म्हणून ही खरेदी.

डोंगराचं नाव पत्रातसुद्धा लिहीत नाही, तेवढी शिस्त अजून आहे. तुला कळलंच कुठला.

मागचं काही उकरायला हे पत्र नाही. तू काय केलंस ते तुला माहीत आहे, मलाही आहे. पन्नास की पासष्ट, एवढंच कळव.

इशबेल


२१ मार्च

मर्डो,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बोटीचं चित्र, मागे "५०. वाकडा. म." आठ वर्षांनी दोन शब्द आणि एक अक्षर! आई असती तर म्हणाली असती, हा पोरगा तारेचे पैसे वाचवतोय.

पन्नास का, ते समजलं. वजन. पासष्टच्या काचेत उजेड जास्त येतो, पण तो उजेड पाठीवर वाहून न्यावा लागतो. आणि आपल्या डोंगरावर ऊन पडलं की तीसपटीच्या पुढे चित्र मोठं करून उपयोग काय, सगळं दगडधोंड्यांसकट थरथरत राहतं. हे तूच मला शिकवलंस, आणि वर चिडून शिकवलंस.

वाकडा का, ते मात्र कळलं नाही. मी आजवर सरळ नळकांड्यातूनच पाहत आले. परवा दुकानात जाऊन आले. गिलँडर्स अजून तेच चालवतो, केस तेवढे गेलेत. त्याने खिडकीशी सहा स्कोप मांडून ठेवलेत, समोर हॉटेलचं धुराडं, त्यावर कावळ्यांची वस्ती. गिऱ्हाइकाने कावळा बघायचा आणि ठरवायचं. वाकड्या मानेचा स्कोप म्हणजे त्याचा मागचा तुकडा आभाळाकडे वळलेला असतो. विहिरीत डोकवावं तसं वरून त्यात डोकवायचं. मला तर मानेत लचक भरल्यासारखं झालं.

"बाई, आधी हा पासष्टचा बघा."

"धुरकट आहे."

"बरं, हा पन्नासचा."

"हाही धुरकटच. काच पुसत नाही का रे तुम्ही?"

त्याने पुसली. मी पुन्हा पाहिलं. त्याने पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, आता आणखी पुसली तर काच झिजेल."

"मग हवेत धूर असेल. धुराडंच आहे ना ते!"

"ते बंद आहे हो, गेल्या वर्षीपासून."

मी म्हटलं, पुन्हा येईन, आणि बस पकडली. हल्ली असल्या छोट्या छोट्या गोष्टींनी फार दमायला होतं. गुडघा आहेच. ब्रेडचं एक पाकीट आठवडाभर पुरतं, त्यातलंही निम्मं शेजारच्या कोंबड्यांना जातं.

तुझ्या लुईस बेटावर वारा कसा आहे हे विचारत नाही. असणारच.

इशबेल


९ एप्रिल

मर्डो,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही.

आज पुन्हा गेले होते. गिलँडर्सला मी ठणकावून सांगितलं, पन्नासचा, वाकडा. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वाकडा कोणी सांगितला तुम्हाला?"

"माझ्या ओळखीत एकजण आहे."

"बाई, एकट्या माणसाला सरळ बरा. गळ्यातल्या दुर्बिणीत पक्षी दिसला, त्याच रेषेत स्कोप रोखला, झालं. वाकड्यात पक्षी शोधता शोधता तो उडून जातो. वाकडा जोडीने हिंडणाऱ्यांसाठी. एक उंच, एक ठेंगणा असला तरी ट्रायपॉड पुन्हापुन्हा खालीवर करावा लागत नाही. दोघांनी आळीपाळीने नुसतं वाकायचं. तुमच्याबरोबर कोण असतं?"

"कुणी नसतं."

बिचारा लगेच कावळ्यांबद्दल बोलायला लागला.

तेव्हा मर्डो, तू मला वाकडा घ्यायला सांगितलास तो काय विचार करून? मी एकटी चढते, एकटी मोजते, एकटी सँडविच खाते. तुला हे ठाऊक नाही असं नाही. कोणामुळे एकटी चढते तेही ठाऊक आहे.

लिहिणार नव्हते, पण आता सुरुवात झालीच आहे तर लिहिते. त्या जूनमध्ये तू हॉटेलच्या बारमध्ये त्या हिरव्या जाकिटवाल्या माणसाशी तासभर बोलत बसला होतास. भारी दुर्बीण होती त्याच्याकडे आणि नखं स्वच्छ होती. तू त्याला डॉटरेलच्या गोष्टी सांगत होतास. मी पाहिलं, बारमागच्या मुलीनेही पाहिलं. चार दिवसांनी घरटं रिकामं. तीनही अंडी गेलेली, आणि तो नर त्या रिकाम्या खळग्याभोवती फिरत होता, पुन्हा पुन्हा बसून बघत होता. जागा तूच त्याला सांगितलीस, हे मी क्लबच्या सभेत उठून सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ दिलं नाही. तू एक शब्द बोलला असतास तर! नुसतं "नाही" म्हटलं असतंस, तरी निम्मी माणसं तुझ्या बाजूने उभी राहिली असती. तू मिठाची गुळणी धरून उभा राहिलास, मग कोपऱ्यातला ट्रायपॉड उचललास आणि निघून गेलास. जो बोलत नाही तो कबूल करतो, असं सगळ्यांनी मानलं. मीही तसंच मानलं.

स्कोप घेतलेला नाही. गिलँडर्सने दोन्ही बाजूला काढून ठेवलेत, एक सरळ आणि एक वाकडा.

इशबेल


३० एप्रिल

मर्डो,

मागच्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. ते टपालात टाकलं आणि घरी येईपर्यंत वाटत होतं, पेटी फोडून परत काढावं. टपालखात्यातल्या बाईने असलं काही करू नये.

स्कोप घेतला. सांगते कसा तो.

गिलँडर्स आज कावळ्यांकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी डोळा लावला तसा हळूच म्हणाला, "बाई, एकदा डाव्या डोळ्याने बघा."

"मी पन्नास वर्षं उजव्याने बघतेय."

"म्हणूनच म्हणतो."

मी डावा लावला. मर्डो, कावळ्याच्या मानेवरची राखाडी पिसं एकेक दिसली. त्याचा तो पांढरट डोळा, आणि चोचीतली काडीसुद्धा. त्याने नको असताना तीनदा पुसलेली ती काच आरशासारखी लख्ख होती. मला रडू आलं, आणि दुकानात रडणारी बाई मी नव्हे, म्हणून मी त्याच्यावर खेकसले की हे आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आईचंही असंच होतं. तिलाही सांगायची सोय नव्हती."

उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. इन्व्हरनेसच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की तो वाढत जाईल, डावाही केव्हातरी त्याच वाटेने जाईल, पण किती वर्षांत ते त्या सांगू शकत नाहीत. हे आजचं नाही. त्यांनी मला हे पहिल्यांदा २०१५ च्या हिवाळ्यात सांगितलं.

मी कुणाला बोलले नाही. गाडी चालवायची होती, डोंगर मोजायचा होता. तुला तर नाहीच. तू लगेच माझ्या हातातून स्कोप काढून घेतला असतास आणि वर प्रेमाने घेतला असतास, ते मला सोसलं नसतं.

२०१५ म्हणजे त्या जूनच्या आधीचा हिवाळा. तू हिशेब करशीलच.

पन्नासचाच घेतला. वाकडा. का घेतला ते विचारू नकोस. गिलँडर्सने तो नीट गुंडाळून दिला.

इशबेल


१४ मे

प्रिय मर्डो,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींमध्ये हवामान फार होतं.

तुला आठवतं ना, आपण क्लबात आलो तेव्हा पहिल्याच दिवशी काय शिकवलं होतं. घरट्याजवळ खूण करायची नाही. काठी नाही, दोरा नाही, दगड नाही. अंडीचोर पक्षी शोधत नाहीत, ते माणसांच्या खुणा शोधतात. उघड्या माळावर एकावर एक ठेवलेले दगड म्हणजे चोराला धाडलेलं आमंत्रण. जागा डोक्यात ठेवा, जमिनीवर ठेवू नका. हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं नव्या पोरांना ऐकवलंय.

त्या जूनमध्ये मी तीन दगड ठेवले होते.

घरटं तू शोधलंस, स्कोपमधून मला दाखवलंस. मी "हो हो, दिसला" म्हटलं. दिसला नव्हता. तो समोर बसला होता आणि मी त्याच्याकडे बघितलं की तो जागचा नाहीसा व्हायचा. मग तू ओढ्यावर बाटल्या भरायला गेलास. मी माझी मीच जवळ गेले, अगदी चार हातांवर पोचले तेव्हा तो दिसला. आईच्या भाषेत त्याला माळावरचा खुळा म्हणतात ते उगीच नाही. माणूस उरावर आला तरी उठत नाही बिचारा, अंड्यांवर बसून आपला बघत राहतो. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात मला एकटीला यायचंय, तेव्हा हे सापडणार कसं? सापडलं नाही तर तुला काय सांगू? म्हणून घरट्यापासून पंधरा पावलांवर, उत्तरेला, तीन चपटे दगड एकावर एक ठेवले. वीतभर उंचीचे. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

पुढच्या आठवड्यात मी सरळ दगडांपाशी गेले, तिथून पंधरा पावलं मोजली. खळगा रिकामा होता आणि बाजूच्या शेवाळावर बुटाचा ठसा होता. माझा नव्हे. दगडांपासून सरळ घरट्याकडे गेलेला. एकटी जायचं ठरलं होतं, तरी तू खालून येताना दिसलास. तू पोचायच्या आत मी ते तीन दगड लाथेने उडवले.

मग मला कुणीतरी हवं होतं. तू बारमध्ये बसला होतास, तेवढं पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण तिथे निदान फाशी देणाराच चोर नसतो. सभेत उभी राहिले तेव्हा माझे पाय लटपटत होते, लोकांना वाटलं रागाने लटपटतायत. तुला मोजणीतून काढलं. डोंगर ज्या इस्टेटीत येतो, तिच्या रखवालदाराने फाटकाचं कुलूप बदललं. दुकानात माणसं तुझ्याशी बोलेनाशी झाली. वसंत आला तसा तू घर विकून बेटावर गेलास, आणि मी बसच्या थांब्यापर्यंतसुद्धा आले नाही.

आठ वर्षं मी स्वतःलाच सांगत आले की त्या हिरव्या जाकिटवाल्याला तूच सांगितलं असणार, दगड तर निमित्त. रोज सांगितलं की खरं वाटायला लागतं. मग दुकानात डावा डोळा लावला आणि सगळं लख्ख दिसलं. एवढं सगळं दिसायची सवय राहिलेली नाही मला.

माफी मागते. ती देण्याजोगी आहे असं मला वाटत नाही. फार थकलेय मर्डो, आणि हे ओझं एकटीने वाहण्याजोगं नव्हतं. पण वाटून घ्यायला ज्याला सांगायचं, त्याच्याच डोक्यावर मी ते सगळं देऊन ठेवलं होतं.

तुझी,
इशबेल


१७ जून

प्रिय मर्डो,

तुझं काही आलं नाही. येणारही नाही, असं धरून चाललेय. तरी डोंगराचं तुला सांगायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगू?

काल गेले. पहाटेची पहिली बस, मग पायी. पूर्वी अडीच तासांत वर पोचायचो, काल साडेचार लागले. वाटेत दर कुंपणाच्या पायरीवर बसले. उत्तरेच्या घळीत अजून बर्फाचा पट्टा आहे, लहान आहे या वर्षी. वारा बरा होता, त्यामुळे चिलटं नव्हती.

नवा स्कोप पाठीवर आहे की नाही, हे दोनदा हात मागे नेऊन चाचपलं. इतका हलका. हलका म्हणजे एकट्याचा. ही अक्कल मला दुकानात यायला हवी होती, ती डोंगरावर आली.

गिलँडर्सने एक छोटा ट्रायपॉड दिला होता, काटक्यांचा. तो वाऱ्याने पहिल्याच झटक्याला आडवा केला. मग पिशवीवर स्कोप ठेवला. सरळ असता तर पोटावर पालथं पडून पाहिलं असतं. वाकड्यात तसं बघता येत नाही, वरून डोकवावं लागतं. म्हणून गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आणि गिलँडर्सचं खरं ठरलं. दुर्बिणीत काहीतरी हललेलं दिसलं, स्कोप तिकडे वळवला, तर आत नुसते दगड आणि शेवाळ. वीस मिनिटं शोधत होते. तुला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या.

आणि मग दिसला. नर. भुवयांच्या जागी दोन पांढऱ्या रेघा मानेमागे जाऊन मिळालेल्या, पोट विटेच्या रंगाचं. दगडांमध्ये दगडासारखा बसलेला. वारा त्याच्या पाठीवरची पिसं उलटी करत होता आणि तो डोळे मिचकावत होता. मर्डो, डाव्या डोळ्याने मी त्याला मिचकावताना पाहिलं. ती मादी अंडी घालून कुठे नॉर्वेकडे उडालेली असेल, आणि हा खुळा तीन आठवडे एकटा वाऱ्यात बसणार. आपण त्याला हसायचो.

मी जवळ गेले नाही. घरटं आहे याची खात्री करायची तर त्याला उठवावं लागलं असतं. म्हटलं, आधी दोन घास खावे, मग वाऱ्याच्या आडोशाने हळूच जावं. खडकामागे बसून ओटकेक आणि चीज खाल्लं. आणि परत फिरले तर जागा सापडेना. चार तास फिरले. पायाखाली येईल या भीतीने एकेक पाऊल बघून टाकत होते. नाही सापडला. तो तिथेच होता, मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याकडे बघतही असेल.

हातात एक चपटा दगड आला होता. तो होता तिथेच ठेवला.

फॉर्मवर लिहिलं, "एक नर, बहुधा बसलेला. घरटं नोंदवता आलं नाही." त्याच पाकिटात मॉइराला वेगळं पत्र घातलं. तीन दगड, माझा डोळा, सभेत मी बोलले ते खोटं, सगळं. नोव्हेंबरच्या सभेत ते मोठ्याने वाचून दाखवावं असंही लिहिलंय. मी तिथे हजर असेन. पाय लटपटले तर या वेळी कशाने ते लोकांना कळेल.

इशबेल


५ जुलै

प्रिय मर्डो,

तुझं पत्र काल आलं. चार पानं! टपालवाली पोरगी म्हणाली, "मावशी, जड आहे हं." मी म्हटलं, असू दे, आण इकडे.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना काही वाक्यं उतरवून काढतेय, कारण ती तूच लिहिली आहेस यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"तू पुढे गेल्यावर मी बाटल्या भरून परत आलो, तेव्हाच ते तीन दगड पाहिले. पाडायला खाली वाकलोही होतो. मग म्हटलं, हिला याच्याशिवाय घरटं सापडणार नाही, आणि ही मेली तरी ते कबूल करणार नाही. तुझं उजव्या डोळ्याचं मला त्याआधी वर्षभर कळत होतं. तू चहा कपाच्या बाहेर ओतायचीस. म्हणून राहू दिले. म्हणजे दगड तू रचलेस आणि मी तसेच ठेवले. निम्मं ओझं माझं."

आणि पुढे, "सभेत तोंड उघडलं असतं तर दगडांचं सांगावं लागलं असतं. तुझ्याकडे डोंगराशिवाय काही नव्हतं. राग आला नाही असं समजू नकोस. आठ वर्षं होता, अजून आहे. येताना तो इथेच ठेवून येईन असं वचन देत नाही."

येताना, असं लिहिलंयस. मी त्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

आता माझ्याकडची बातमी. मॉइराचं पत्र आलं. चांगलं लिहिलंय तिने, पण डोंगर माझ्याकडून काढलाय. पुढच्या वर्षीपासून कुणी कॅलम म्हणून आहे, तो मोजेल. तिचं बरोबर आहे. मी असते तरी हेच केलं असतं, तिच्याहून कडक शब्दांत केलं असतं. तुझ्याबद्दल क्लब तुला वेगळं लिहिणार आहे. रखवालदार स्वतः घरी येऊन गेला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, तुझा पत्ता मागितला. दिलाय.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये तू आलास तर आपल्याला फॉर्म भरायचा नाही, काही मोजायचं नाही. नुसतं बघायचं. असं आपण कधी गेलोच नाही, कसं जमेल देव जाणे. तुझं कंबरेचं दुखणं आणि माझा गुडघा पाहता सहा तास धर. मी पहिल्या बसचं बघते. ओटकेक तुझ्या आवडीचे, जाड. तू लिहितोस की जुना ट्रायपॉड तूच उचलणार, त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. बरं बाबा. मी पन्नासचा स्कोप घेऊन चढणार आणि तू ते लोखंड घेऊन. वाटणी न्याय्य नाही, पण तुझ्याशी वाद घालायची ताकद उरलेली नाही.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मात्र मी गिलँडर्सला दाखवायला नेणार आहे. तो मला अजून विचारतो, वाकडा कुणी सांगितला म्हणून. ती इथे पुन्हा लिहिते, माझ्या हाताने लिहून बघावीशी वाटते म्हणून.

"मार्चमध्येच कळवलं होतं, वाकडा घे. मी तुझ्याहून वीतभर उंच आहे, विसरलीस का?"

नव्हते विसरले रे. दुकानात माझा हात आपोआप त्याच्याकडेच गेला.

इशबेल